तीन वर्षांचा रोखा, सात वर्षांची गाडी

गाडीसाठी कर्ज काढायला गेलात की दोनच प्रश्न खरे कामाचे असतात. किती वर्षांत फेडणार? आणि सिबिल किती? बाकीची कागदपत्रं या दोन उत्तरांच्या मागेपुढे फिरतात. जुन्या मराठीत या दोन गोष्टींना मुदत आणि पत म्हणायचे. व्याजाचा दर या दोन्हींच्या सांध्यावर ठरतो, आणि आपल्या भागात हा सांधा कसा बसत गेला याला मोठा इतिहास आहे.

पेट किंवा नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं एमएस्सी संख्याशास्त्रात, आणि पीएचडीचं काम दख्खनच्या ग्रामीण कर्जावर. इतिहासाकडे वळणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक मोह हमखास होतो: जुन्या कागदात व्याजाचा आकडा दिसला की तो उचलायचा, तक्त्यात टाकायचा आणि आलेख काढायचा. नुसता दर काढून कर्ज समजत नाही, हेच इथे दाखवायचं आहे. त्यासाठी आधी आजचा साधा हिशोब करू.

समजा, बीडमध्ये एकाने आठ लाखांचं गाडीकर्ज घेतलं, दर वर्षाला 9 टक्के. तीन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 25,440 रुपये येतो आणि एकूण व्याज जातं साधारण 1 लाख 16 हजार. तेच सात वर्षांवर नेलं तर हप्ता 12,870 च्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. व्याज मात्र 2 लाख 81 हजार. दर तोच, गाडी तीच. आता याच माणसाची पत थोडी कमी धरा आणि सात वर्षांसाठीच दर 11 टक्के करा. हप्त्यात फरक पडतो जेमतेम सव्वाआठशे रुपयांचा, पण व्याज साडेतीन लाखांवर जातं. शोरूममध्ये हप्ता सांगतात तो याचसाठी. हप्त्याच्या आकड्यात मुदत आणि पत दोन्ही दडून जातात.

मुदत लांबली की देणाऱ्याची बाजूही बदलते. सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षं नियमित हप्ते भरूनसुद्धा 5 लाख 17 हजार मुद्दल शिल्लक असतं. तीन वर्षं बीड-परळी रस्त्यावर पळालेल्या गाडीला तेवढी किंमत येईलच असं नाही. तारण झिजतं आणि कर्ज हळू उतरतं, म्हणून काही बँका पाच वर्षांच्या पुढे दर किंचित चढा लावतात. हे तर्काला धरून आहे. अडचण अशी की इतिहासात नेमकी उलटी गोष्ट घडली. आपल्याकडे शेतकऱ्याला बुडवलं ते आखूड मुदतीने.

तिकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण "पत बघून दर" ही काही सिबिलची कल्पना नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत तारण असलेल्या कर्जाला महिन्याला ऐंशीवा हिस्सा, म्हणजे सव्वा टक्का व्याज सांगितलं आहे. तारण नसेल तर वर्णाप्रमाणे दोन, तीन, चार आणि पाच टक्के, महिन्याला. ब्राह्मणाला दोन, शूद्राला पाच. जंगलातून व्यापार करणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. मनुस्मृतीतही वर्णांचा हाच चढता क्रम आहे. याज्ञवल्क्यावरची प्रसिद्ध टीका मिताक्षरा. ती विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत लिहिली, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. ते काही आपल्यापासून फार लांब नाही.

त्या एका यादीत आजचं सगळं आहे: तारणी आणि विनातारण यांतला फरक, धंद्यातला धोका, आणि माणसाचा "प्रोफाइल". फक्त प्रोफाइल जन्माने ठरलेला. ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्याला दर सगळ्यात जास्त, आणि वेळेवर फेडून तो सुधारायची सोयच नाही. मात्र एक लक्षात ठेवा. स्मृती हे नियम सांगणारे ग्रंथ आहेत. बाजारात प्रत्यक्ष काय दर चालायचा याचा तो पुरावा नव्हे.

हाच सावधपणा लीलावतीला लागू पडतो. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ साधारण 1150 चा. (त्यांचं विज्जडविड म्हणजे बीडच, असा एक दावा आहे. मला स्वतःला पाटण्याच्या शिलालेखामुळे चाळीसगावकडचा पुरावा जास्त भक्कम वाटतो, पण ते असो.) त्यात एक गणित आहे: 94 निष्कांचे तीन भाग केले. एक दरमहा 5 टक्क्यांनी, दुसरा 3 टक्क्यांनी, तिसरा 4 टक्क्यांनी दिला. सात, दहा आणि पाच महिन्यांनी तिन्हींवर सारखंच व्याज मिळालं, तर भाग किती? उत्तर 24, 28 आणि 42. पडताळून बघा, प्रत्येकावर 8.4 येतं. कर्ज वेगवेगळ्या दरांनी आणि मुदतींनी देता येतं, ही कल्पना त्या काळच्या गणित शिकणाऱ्याला नवी नव्हती, एवढं यावरून म्हणता येतं. मुदत आणि दर यांचं नातं मात्र यातून काढू नका. सात महिन्यांना पाच आणि पाच महिन्यांना चार हे आकडे उत्तर पूर्णांकात यावं म्हणून बसवलेले आहेत.

आता मुख्य गोष्ट.

इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात 1827 च्या रेग्युलेशनप्रमाणे कोर्ट वर्षाला 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज मान्य करत नसे, आणि लेखी रोख्यावर बारा वर्षांपर्यंत दावा लावता येई. सावकार यातून वाट काढायचेच. शंभराचा रोखा लिहून घ्यायचा आणि हातात पैसे देतानाच त्यातून "मनोती" कापून घ्यायची. आजच्या प्रोसेसिंग फीशी साम्य दिसलं तर तो योगायोग समजू नका. 1855 साली व्याजावरची मर्यादा कायद्याने उठवली. दर ठरवणं दोघांच्या करारावर सोडलं.

मग 1859 चा मुदतीचा कायदा आला. साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्यावर फक्त तीन वर्षांच्या आत दावा लावायचा. नोंदणी केलेल्यासाठी सहा वर्षं. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षं व्याज साचू नये, जुनी खाती उकरली जाऊ नयेत. कागदावर तर ऋणकोचा फायदाच दिसतो.

प्रत्यक्षात काय झालं ते समजायला आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम माहीत हवा. एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, एवढाच तो नियम. शंभर घेतले तर कितीही वर्षं गेली तरी दोनशेच्या वर देणं नाही. आता हिशोब करा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन, म्हणजे वर्षाला 24. बारा वर्षं काहीच फेडलं नाही असं धरा. सरळ व्याजाने 288 होतात, पण दामदुपट आडवी येते आणि देणं दोनशेवर थांबतं.

आता मुदत तीन वर्षांची करा. तीन वर्षांनी 172 झाले. कायद्याने रोखा मरणार, म्हणून सावकार नवा रोखा लिहून घेतो, आणि त्यात मुद्दल लिहिलं जातं 172. कालचं व्याज आज मुद्दल झालं. सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509, बारा वर्षांनी 875. दर एका पैशाने बदललेला नाही. शिवाय तीन वर्षांचं व्याज शेकडा 72 च होतं, ते मुद्दलापर्यंत कधी पोचतच नाही, त्यामुळे दामदुपट लागूच होत नाही. प्रत्येक कागद एकेकटा पाहिला तर निर्दोष असतो. अन्याय दोन कागदांच्या मध्ये आहे. कोर्टात मात्र शेवटचा कागद तेवढा जायचा, आणि खाली अंगठा किंवा नांगराची निशाणी असायची.

हे नुसतं माझं गणित नाही. नंतर चौकशीत शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण नोंदलं गेलं.

पतीचीही बाजू बघा. रयतवारीत जमीन रयतेच्या नावाने लागली, ती गहाण ठेवता आणि विकता येऊ लागली, म्हणजे शेतकऱ्याला तारण मिळालं. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस थांबला, इथल्या कापसाला भाव आला आणि सावकार मोकळ्या हाताने पैसे देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडला, त्याच सुमारास सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. माणूस तोच, त्याची फेडायची सवय तीच. पण त्याची पत कापसाच्या भावाबरोबर चढली आणि उतरली.

12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरंदुकानं गाठली. तिथून लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. लोकांना हवे होते ते रोखे आणि वह्या, आणि त्यांनी तेच जाळले. माणसांवरचे हल्ले त्या मानाने कमी. या "दख्खनच्या दंग्यां"साठी सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. हे दंगे खरंच किती मोठे होते यावर इतिहासकारांत वाद आहे. रविंदर कुमार त्यांना समाजातल्या खोल बदलाची खूण मानतात, तर नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 च्या लेखात त्याला चक्क मिथक म्हटलं. दोन्ही वाचा, आणि त्याच क्रमाने वाचा. मला चार्ल्सवर्थ यांचा मुद्दा दंग्यांच्या व्याप्तीपुरता पटतो. रोख्यांच्या यंत्रणेबद्दलचा आयोगाचा पुरावा त्याने कमकुवत होत नाही.

1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. संशोधक म्हणून त्याचं बारावं आणि तेरावं कलम जरूर वाचा. कोर्टाने शेवटच्या कागदावर थांबू नये, व्यवहार सुरू झाला तिथपर्यंत मागे जावं, हातात खरोखर किती पैसे पडले ते काढावं, मुद्दल आणि व्याजाची खाती वेगळी मांडावीत, व्याजाचं मुद्दल झालं असेल तर ते धरू नये. आज आपण संशोधनात जे करतो ते काम कायद्याने न्यायाधीशावर टाकलं होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली स्पेशल जज म्हणून काम केलं आहे. आणि मुदतीचं काय केलं? ती वाढवली. साध्या व्यवहाराला सहा वर्षं, या कायद्याखाली नोंदवलेल्या रोख्याला बारा. वीस वर्षांत सरकार जिथून निघालं तिथे परत आलं.

सावकारांनीही वाट बदलली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत, आणि "पैसे आणून दे, जमीन परत करतो" हा तोंडी शब्द. कर्ज राहिलंच, कागदावरून मात्र गेलं. ही रीत अजून गेलेली नाही. म्हणून तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात अशी खरेदीखतं तपासून जमीन परत द्यायचे अधिकार जिल्हा निबंधकाला दिले आहेत. त्याच वर्षी सरकारने परवानाधारक सावकारांसाठी जे कमाल दर ठरवले ते असे: शेतकऱ्याला तारणी 9, विनातारण 12, इतरांना 15 आणि 18. स्मृतीतल्या यादीशेजारी ठेवून बघा. तारणाचा तर्क तसाच राहिला, माणसांचा क्रम उलटा झाला.

बीडचे वाचक आता म्हणतील, यात आमचा जिल्हा कुठे आहे? तो नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात रोचक गोष्ट आहे. बीड निजामाच्या मुलखात होतं. जामखेड, पाथर्डी इंग्रजांकडे. आष्टी, पाटोदा हैदराबादकडे. मधे काही मैल. डोंगर तोच बालाघाटचा, ज्वारी-बाजरी तीच, सोयरिकी इकडून तिकडे. 1859 चा कायदा एका बाजूला लागू, दुसऱ्या बाजूला नाही. 1879 चाही तसाच. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात प्रयोग आणि कंट्रोल दिसायला हवेत. सीमेच्या दोन्ही बाजूंचे रोखे शेजारी ठेवले तर आखूड मुदतीचा परिणाम बाकीच्या कारणांपासून वेगळा काढता येईल. लतिका चौधरी आणि आनंद स्वामी यांनी 1879 च्या कायद्याचा संख्यात्मक अभ्यास केला आहे, त्यात संरक्षण मिळाल्यावर कर्जपुरवठा आकसला असं दिसतं. निजामाच्या बाजूचा असा अभ्यास करायचा तर मोडी हवी, थोडी उर्दू हवी, आणि फसली सनाची सवय हवी. फसलीत 590 मिळवले की ढोबळमानाने इसवी सन येतो. हैदराबादचा सावकारी कायदा 1349 फसलीचा, म्हणजे 1939-40 चा. मुंबई इलाख्याचा 1946 चा, आणि त्यात दामदुपट कलमच होऊन बसली आहे.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात. 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण कर्ज पाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा 3.1 टक्के आणि बँकांचा 0.9 टक्के निघाला. जवळजवळ 70 टक्के सावकारांकडून. 1969 मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा तालुक्यापर्यंत आल्या, पण दर बराच काळ रिझर्व्ह बँक ठरवायची. दोन लाखांवरच्या कर्जांचे दर बँकांवर सोपवले गेले ते ऑक्टोबर 1994 मध्ये. हा मुद्दा परीक्षेत विचारत नाहीत, पण विचारायला हवा. तोपर्यंत पतीने ठरायचं ते कर्ज मिळणार की नाही एवढंच. त्यानंतर पतीने दरही ठरू लागला. 2000 मध्ये सिबिल स्थापन झालं, 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला, आणि माणसाची पत 300 ते 900 मधला एक आकडा झाली.

सावकाराच्या वहीपेक्षा हा आकडा बरा, यात मला शंका नाही. तो जात विचारत नाही, आणि वेळेवर फेडलं तर सुधारतो. पण तो विचारतो काय ते बघा. हप्ते वेळेवर गेले का, कर्ज किती, आणि कर्जाचा इतिहास किती जुना. म्हणजे मुदत इथेही आत शिरली आहे. "मी आयुष्यात कुणाचं एक रुपया कर्ज घेतलं नाही" हे गावात अभिमानाने सांगायचं वाक्य. पतमाहितीच्या अहवालात त्याचा अर्थ "इतिहास नाही" असा होतो. आणि पाऊस? 2015-16 सारख्या वर्षात पीककर्ज थकलं तर ती थकबाकी माणसाच्या नावावर चढते, दुष्काळाच्या नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी तोच माणूस भाड्याने चालवायला गाडी घेतो तेव्हा तो जुना पाऊस त्याच्या दरात येतो. पीककर्जाला सिबिल मागू नका असं सरकार बँकांना अनेकदा बजावतं. गाडीकर्जाबद्दल तसं कुणी म्हणत नाही. कापसाच्या भावाबरोबर चढणारी-उतरणारी 1865 ची पत आणि ही पत यांत मला फारसा फरक दिसत नाही.

एक सूचना, जुन्या कागदांसाठी आणि मुलाखतींसाठीही. बीडच्या खेड्यात कुणी "तीन टक्क्याने पैसे उचलले" म्हणालं तर ते महिन्याला असतं, वर्षाला छत्तीस. बँकेचे नऊ टक्के वर्षाचे, घटत्या शिलकीवर. फ्लॅट दराने कर्ज देणारा नऊ सांगतो तेव्हा फेडून झालेल्या मुद्दलावरही व्याज चालूच असतं. वरच्या आठ लाखांवर सात वर्षांत ते 5 लाख 4 हजार होतं. हे तिन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवण्याआधी किमान तीन गोष्टी विचारा: हातात किती पडले, कधी कधी किती परत गेले, आणि हा पहिला कागद आहे की आधीचा बदलून केलेला.

आणि ज्या कर्जात दरच लिहिलेला नसतो त्याचं काय? आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या निघतात. एका जोडीला कोयता म्हणतात. मुकादम आधी उचल देतो, ती टनामागच्या मजुरीतून फिटते, राहिली तर "बाकी" म्हणून पुढच्या हंगामावर जाते. बऱ्याचदा व्याजाचा उल्लेखच नसतो. मुदत एका हंगामाची, पण बाकी राहिली की नवा हंगाम म्हणजे बदललेला रोखाच. पत म्हणजे दोघांचे हात. या कर्जाचा दर काढायचा तर उचलीमुळे मजुरीत किती तूट आली ते मोजावं लागेल, आणि त्यासाठी त्याच कारखान्यावर तेच काम करणारा, पण उचल न घेतलेला कोयता शोधावा लागेल. मी अजून शोधते आहे.